आधी मास्क, मग विचार

२० सप्टेंबर २०१८ रोजी सकाळी मुंबईहून जयपूरला निघालेले जेट एअरवेजचे बोइंग ७३७ विमान जयपूरला पोहोचले नाही. थोड्याच वेळात ते मुंबईत परत येऊन उतरले. विमानात १६६ प्रवासी आणि ५ कर्मचारी होते. विमान वर चढत असताना प्रवाशांचे कान दुखू लागले, डोकी जड झाली, कुणाच्या नाकातून तर कुणाच्या कानातून रक्त आले, आणि डोक्यावरच्या झडपा उघडून ऑक्सिजनचे मास्क समोर लोंबू लागले. रक्तस्राव झालेल्यांची संख्या तीसच्या आसपास होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने लगेचच सांगितलेले कारण अगदी साधे होते. केबिनमधला हवेचा दाब राखणारा स्विच चालू करायचा राहून गेला होता. दोन्ही वैमानिकांना चौकशी होईपर्यंत उड्डाणाच्या कामावरून दूर ठेवण्यात आले. सात महिन्यांनी, १७ एप्रिल २०१९ रोजी, जेट एअरवेजची उड्डाणेच थांबली. कंपनीच्या कर्जाच्या आणि दिवाळखोरीच्या बातम्यांत ही घटना मागे पडली. तिला मागे पडू देऊ नये असे मला वाटते. जगभरच्या वैमानिकांना घोकून घ्यावा लागणारा एक नियम तिच्यामागे उभा आहे: केबिनच्या दाबाचा इशारा वाजला की आधी स्वतःच्या तोंडावर मास्क, मग कारणाचा शोध. वरवर पाहता हा नियम उलटा वाटतो, कारण शहाणा माणूस आधी विचार करतो आणि मग हात हलवतो. पण उंचीवर हवा विरळ झाली की सगळ्यात आधी विचारशक्तीच जाते, आणि ती गेल्याचे त्या माणसाला कळत नाही. हे माणसाला एका दिवसात उमगलेले नाही. ते उमगायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली आणि शेकडो जीव गेले.

आधी शरीराची बाजू पाहू. रत्नागिरीत भाट्याच्या वाळूवर उभ्या असलेल्या माणसाच्या हवेत जवळजवळ २१ टक्के ऑक्सिजन असतो, आणि ३५,००० फुटांवरच्या हवेतही तेवढाच टक्का असतो. फरक पडतो तो दाबात. १८,००० फुटांवर दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, ३५,००० फुटांवर तो पावपटीहून कमी होतो, आणि मग ऑक्सिजन फुप्फुसातून रक्तात शिरेनासा होतो. म्हणून प्रवासी विमानात इंजिनांतून घेतलेली दाबाची हवा सतत केबिनमध्ये सोडतात आणि मागच्या झडपेतून मोजून बाहेर जाऊ देतात. त्यामुळे विमान कितीही उंच असले तरी आतल्या माणसाला आपण जास्तीत जास्त ८,००० फुटांवर आहोत असे वाटावे एवढा दाब राहतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणजे विमानातली नेहमीची हवासुद्धा महाबळेश्वरपेक्षा बरीच विरळ असते. हा दाब गेला तर माणूस लगेच मरत नाही. पण हातातले काम नीट करण्याची शुद्ध किती वेळ टिकते याचे मोजमाप वैमानिकांच्या पुस्तकांत असते: २५,००० फुटांवर तीन ते पाच मिनिटे, ३०,००० फुटांवर एक ते दोन मिनिटे, ३५,००० फुटांवर अर्धे ते एक मिनिट, आणि ४०,००० फुटांवर पंधरा-वीस सेकंद. दाब एकदम गेला तर हे आकडे साधारण निम्म्यावर येतात. ती वेळ सरल्यावरही माणूस काही काळ डोळे उघडे ठेवून बसलेला असू शकतो, कदाचित बोलतही असेल, पण त्याच्या हातून योग्य ते काम होत नाही.

याचा पहिला सविस्तर पुरावा एका बलूनमधून आला. १५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून ‘झेनिथ’ नावाचे बलून उडाले. त्यात गास्तों तिसांदिए, जोसेफ क्रोसे-स्पिनेली आणि तेओदोर सिव्हेल हे तिघे होते. हे कुणी हौशी धाडसवीर नव्हते. विरळ हवेचा शरीरावर काय परिणाम होतो याचा पहिला पद्धतशीर अभ्यास करणारे शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर त्यांच्या पाठीशी होते. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल आदल्या वर्षी बेर यांच्या दाब कमी करता येणाऱ्या लोखंडी कोठीत स्वतः बसले होते, ऑक्सिजन घेतला की डोके कसे ताळ्यावर येते हे त्यांनी स्वतः अनुभवले होते, आणि त्याच वर्षी ऑक्सिजनच्या जोरावर ७,००० मीटरच्या वर जाऊन सुखरूप परतलेही होते. झेनिथमध्ये ऑक्सिजन मिसळलेल्या हवेच्या पिशव्या टांगलेल्या होत्या. पण साठा थोडा होता, म्हणून खरी गरज लागेल तेव्हाच वापरायचा असे तिघांनी ठरवले. साठा अपुरा आहे असा इशारा देणारे बेर यांचे पत्र वेळेत पोहोचले नाही. ८,००० मीटरच्या आसपास गरज आली तेव्हा तिसांदिएला नळीकडे हात न्यायचा होता, पण हात उचलला गेला नाही. दाबमापकावरचा आकडा त्याला दिसत होता, तो ओरडून सांगायचा होता, पण जीभ हलली नाही. काही वेळाने तो शुद्धीवर आला तेव्हा बलून खाली येत होते. मग क्रोसे-स्पिनेलीला जाग आली, आणि त्याने वाळूचे वजन आणि एक जड उपकरण बाहेर फेकून दिले. वजन कमी झाल्यावर बलून पुन्हा वर गेले. तिसांदिए दुसऱ्यांदा शुद्धीवर आला तेव्हा त्याचे दोन्ही सोबती मरण पावले होते. तो वाचला, पण त्याचे कान कायमचे अधू झाले. आपल्याला वेदना झाल्या नाहीत, उलट मनाला एक विचित्र प्रसन्नता वाटत होती, असे त्याने नंतर लिहून ठेवले.

या एका दुर्घटनेत आजच्या नियमाचे सगळे घटक दिसतात. तिघांजवळ ज्ञान होते, अनुभव होता, सामग्री होती. त्यांनी गृहीत धरलेली एकच गोष्ट चुकली: गरज निर्माण झाली की ती आपल्याला जाणवेल आणि तेव्हा आपले हात चालतील. क्रोसे-स्पिनेलीने वजन बाहेर टाकले हे तर सगळ्यात बोलके आहे. खाली यायला हवे असताना, खाली येत असताना, त्या जाणकार माणसाने वर जाण्याचे काम केले. हा भित्रेपणा नव्हता, अज्ञानही नव्हते. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की माणूस आपल्या चुकीच्या निर्णयावरही खात्रीने चालतो. ज्या यंत्राने धोका ओळखायचा, तेच यंत्र धोक्यात सापडलेले असते.

भारतातल्या विमानसेवेला सुरुवातीला या प्रश्नाशी कर्तव्यच नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते छोट्या पस मॉथ विमानातून, जमिनीपासून फार उंच न जाता. १९३५ मध्ये टाटांनी गोवा आणि कन्नूर करत जाणारी मुंबई-त्रिवेंद्रम सेवा सुरू केली. हा मार्ग कोकण किनाऱ्याच्या कडेने जाणारा. रत्नागिरीच्या आसमंतातून नियमित विमाने जाऊ लागली ती त्या काळात, आणि त्यातल्या वैमानिकाला मास्क कधी लागला नसेल. आजही तटरक्षक दलाची समुद्रावर गस्त घालणारी डॉर्नियर २२८ विमाने दाबाच्या केबिनवाचूनच उडतात, कारण त्यांचे काम कमी उंचीवरचे. पण टाटांच्या त्या पहिल्या उड्डाणांच्याच दशकात भारताच्या भूमीवरून निघालेल्या एका मोहिमेने वेगळेच दृश्य पाहिले. ३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधल्या पूर्णियाजवळच्या धावपट्टीवरून दोन वेस्टलँड विमाने एव्हरेस्टवरून उडण्यासाठी निघाली. दुसऱ्या विमानाच्या मागच्या जागेत बसलेला छायाचित्रकार सिडनी बॉनेट याची ऑक्सिजनची नळी कॅमेऱ्याच्या धावपळीत तुटली. त्याने ती रुमालाने बांधली आणि लगेच खाली कोसळला. पुढे बसलेल्या वैमानिकाला मागे वळून काही करणे शक्य नव्हते. विमान खाली आल्यावर बॉनेट शुद्धीवर आला. नळी बांधण्याइतकी बुद्धी त्याला सुचली, हे त्याचे नशीब. आणखी मिनिटभर उशीर झाला असता तर तेही सुचले नसते.

त्यानंतर दाब राखणाऱ्या केबिनचे युग आले आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा प्रवाशांनी ढगांच्या वर बसून मास्कशिवाय जेवण घेतले. चार वर्षांनी जेट इंजिनाचे कॉमेट आले आणि उंची दुपटीच्या घरात गेली. २ मे १९५३ रोजी कलकत्त्याहून निघालेले कॉमेट वादळात सापडून मोडले आणि ४३ जण गेले. त्या अपघाताचे कारण वादळ मानले गेले. पण जानेवारी आणि एप्रिल १९५४ मध्ये इटलीच्या समुद्रावर आणखी दोन कॉमेट हवेतच फुटली. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या शास्त्रज्ञांनी आख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुनःपुन्हा दाब भरला आणि सोडला, तेव्हा दाबाच्या चढउतारांनी धातू थकून चिरतो हे सिद्ध झाले. त्यानंतरची काही दशके अभियंत्यांनी सगळे लक्ष कवचाकडे दिले: खिडक्यांचे कोपरे, पत्र्याची जाडी, तपासणीचे तास. ते काम उत्तम झाले. पण त्याचा एक परिणाम असा झाला की दाब जाणे म्हणजे विमानाला भोक पडणे, असे चित्र लोकांच्या मनात बसले, आणि काही अंशी वैमानिकांच्याही.

भोक पडते तेव्हा संकट स्वतःहून ओरडते. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची समोरची काच १७,००० फुटांवर उडून गेली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहवैमानिक अॅलिस्टर अॅचिसन याने विमान खाली आणून साउथॅम्प्टनला उतरवले आणि कॅप्टनही वाचला. तिथे काय घडले याबद्दल कुणालाच शंका नव्हती. खरा घात होतो तो दाब हळूहळू जातो तेव्हा, किंवा तो मुळात भरलाच जात नाही तेव्हा. वारा नसतो, आवाज नसतो, धुके पसरत नाही. फक्त एक भोंगा वाजतो, आणि तो भोंगा कशाचा हे ठरवण्याचे काम त्याच मेंदूवर असते जो मंदावत चाललेला असतो.

१४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्सला निघालेल्या हेलिओस एअरवेजच्या बोइंग ७३७ विमानात हेच घडले, आणि तो वृत्तांत सावकाश वाचण्यासारखा आहे. आदल्या रात्री दुरुस्तीच्या वेळी केबिनचा दाब तपासायला एक खटका ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर नेला गेला आणि तसाच राहिला. उड्डाणाआधीच्या तपासणीत तो दिसायला हवा होता; उड्डाणानंतरच्या तपासणीतही. दोन्ही वेळा तो सुटला. विमान १२,००० फुटांच्या आसपास असताना भोंगा वाजू लागला. ७३७ मध्ये तेव्हा एकच भोंगा दोन कामे करी: जमिनीवर असताना तो उड्डाणाची मांडणी चुकल्याचे सांगे, आणि हवेत असताना केबिनचा दाब गेल्याचे. हवेत तो वाजला की त्याचा अर्थ एकच. पण वैमानिकांनी तो उड्डाणाच्या मांडणीचा इशारा समजला आणि कंपनीच्या अभियंत्याशी रेडिओवर बोलू लागले. विमान चढतच राहिले. प्रवाशांचे मास्क आपोआप खाली पडले. अभियंत्याने दाबाच्या खटक्याची जागा विचारली, पण कॅप्टनचे लक्ष उपकरणे थंड ठेवणाऱ्या यंत्रणेकडे होते. त्याने तिच्या सर्किट ब्रेकरबद्दलच उलट विचारले. थोड्याच वेळात रेडिओ गप्प झाला. ऑटोपायलटने विमान ३४,००० फुटांवर नेले, अथेन्सपर्यंत आणले आणि तिथे घिरट्या घालत ठेवले. ग्रीक हवाई दलाची दोन एफ-१६ विमाने जवळ गेली तेव्हा कॅप्टनची खुर्ची रिकामी दिसली आणि सहवैमानिक पुढे वाकून निपचित पडलेला होता. शेवटी आंद्रेआस प्रोद्रोमू नावाचा केबिन क्रूमधला तरुण कॉकपिटमध्ये शिरताना दिसला. तोवर इंधन संपत आले होते. दुपारी बाराच्या सुमारास ग्रामाटिको गावाजवळच्या टेकडीवर विमान कोसळले आणि १२१ माणसे गेली. दोघा वैमानिकांच्या हाताशी, खुर्चीला लागूनच, मास्क होते.

हा मास्क कसा असतो हे एकदा पाहिले की नियमाचे मोल कळते. वैमानिकाच्या बाजूला एका छोट्या पेटीत तो दाबून बसवलेला असतो. दोन लाल पकडी चिमटीत धरून ओढले की झडप उघडते, त्याच चिमटीने डोक्याभोवतीचा पट्टा हवा भरून टम्म फुगतो, तो डोक्यावरून घालायचा आणि पकड सोडायची. हवा जाते आणि पट्टा आपणहून आवळतो. एका हाताने, पाच सेकंदांच्या आत हे जमायला हवे अशीच त्याची कायदेशीर अट आहे. खाली एक खटका असतो, तो शंभर टक्के ऑक्सिजनवर ठेवायचा. मग मास्कमधल्या माइकवरून दुसऱ्या वैमानिकाशी बोलणे सुरू झाले का ते बघायचे. त्यानंतर दाबाची यंत्रणा हाताने चालवून बाहेर जाणारी झडप बंद करायचा प्रयत्न, आणि दाब ताब्यात येत नसेल तर आणीबाणीची उतरण: इंजिनांचा जोर काढून, पंखांवरचे ब्रेक उघडून, ‘मेडे’ पुकारत १०,००० फुटांकडे. या यादीतली पहिली पावले पुस्तक न उघडता, तोंडपाठ करायची असतात. ती पाठ असावीत हा आग्रह निव्वळ शिस्तीपोटी नाही. ज्याची बुद्धी पुढच्या मिनिटात दगा देणार आहे, त्याच्याकडून बुद्धीचे काम न मागता हाताच्या सवयीचे काम मागावे, हा त्यामागचा हिशेब आहे. हेलिओसच्या कॉकपिटमध्ये भोंग्याचा अर्थ चुकीचा लागला तरी, भोंगा वाजताच मास्क चढला असता तर अर्थ दुरुस्त करायला वेळ मिळाला असता.

यावर पहिला आक्षेप असा की मास्क घालण्यात सेकंद का घालवायचे, सरळ विमान खाली का आणू नये? रत्नागिरीच्या आकाशाचा विचार केला तर हा आक्षेप बराच पटण्यासारखा आहे. मुंबईहून गोव्याला किंवा कोचीला जाणारे विमान इथे असताना दाब गेला, तर १०,००० फुटांपर्यंतची वाट मोकळी आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री, आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटर, म्हणजे साधारण ५,४०० फूट. तरीही ३५,००० फुटांवरून १०,००० फुटांवर यायला पाच-सहा मिनिटे लागतात, आणि शुद्ध टिकते एक मिनिट, फार तर. उतरण सुरू करणारा माणूस ती पूर्ण होईपर्यंत शुद्धीवर राहिला पाहिजे, नाहीतर मधेच कुठल्या उंचीवर सपाट करायचे, कुठे वळायचे, समोरच्या विमानांना कसे चुकवायचे हे कोण बघणार? त्या पाच सेकंदांच्या बदल्यात सगळी उतरण वैमानिकाच्या ताब्यात राहते. आणि हेच विमान लेहला जात असेल तर सरळ खाली येणे शक्यच नसते. लेहचा विमानतळच १०,५०० फुटांहून उंच आहे आणि भोवतीची शिखरे त्याच्या दुप्पट. तिथे दाब गेला तर ठरवलेल्या वाटेनेच बाहेर पडावे लागते, तोवर उंची राखावी लागते, आणि त्या सगळ्या वेळात वैमानिक मास्कवरच जगतो. कोकणासाठी एक नियम आणि हिमालयासाठी दुसरा असे ठेवले तर चुकीच्या दिवशी चुकीचा नियम आठवेल. म्हणून नियम एकच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मुंबईच्या घटनेवरूनच घेतला जातो. २०१८ च्या त्या सकाळी कुणीही दगावले नाही. विमान परत आले, सगळे वाचले. मग एवढा गहजब कशाला? विमान सुखरूप परत आणले हे श्रेय वैमानिकांना द्यायलाच हवे. पण चढत असताना दाब नव्हता हे प्रवाशांच्या कानांना कळले आणि मास्क पडेपर्यंत विमान चढत होते, ही वस्तुस्थिती उरतेच. मास्क आपोआप पडतात ते केबिनमधली हवा १४,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ झाल्यावर. भोंगा त्याच्या बराच आधी, १०,००० फुटांच्या पातळीला वाजतो. या दोहोंमधले अंतर म्हणजेच वैमानिकाला मिळालेला वेळ. लार्नाकाच्या आणि मुंबईच्या विमानांची सुरुवात एकाच जातीच्या चुकीतून झाली, एका न हललेल्या खटक्यातून. पुढे एक १२१ जणांना घेऊन गेले आणि दुसरे परतले. दोन घटनांमधला फरक वाटतो त्यापेक्षा पातळ आहे, आणि ज्या अपघातात कुणी मेले नाही त्याची चौकशी मेलेल्यांच्या चौकशीइतक्याच बारकाईने व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. हेलिओसनंतर अमेरिकी नियामकाने ७३७ मध्ये दोन इशाऱ्यांसाठी दोन वेगळे दिवे सक्तीचे केले. दिवा वाट दाखवतो, पण मास्क काही वैमानिकाच्या तोंडावर आणून बसवत नाही.

तिसरे म्हणणे यंत्रांवर भिस्त ठेवणाऱ्यांचे: विमानानेच दाब ओळखावा आणि स्वतः खाली यावे. हे अशक्य नाही. एअरबस ए-३५० मध्ये अशी आपोआप उतरण्याची सोय आहे, आणि ती सगळ्या नव्या विमानांत यावी. पण आज उडणारी विमाने पुढची वीस-पंचवीस वर्षे उडणार आहेत, आणि यंत्रावरच्या विश्वासाचा दुसरा चेहराही विसरता येत नाही. हेलिओसच्या विमानात ऑटोपायलट अखेरपर्यंत बिनचूक चालला. त्याला वर जा म्हटले होते, तो वर गेला. याच धाटणीचा आणखी एक युक्तिवाद असा की अनुभवी वैमानिकाला गुदमरल्याची चिन्हे ओळखता येतील. झेनिथमधल्या तिघांना ती ओळखता आली नाहीत, हे उत्तर पुरेसे आहे. तरीही सरावाला मोल आहेच. भारतीय हवाई दलाच्या बंगळुरूमधल्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत दाब कमी करता येणाऱ्या कोठीत बसवून वैमानिकांना स्वतःची चिन्हे दाखवली जातात. कुणाची बोटे मुंग्या येऊन बधिर होतात, कुणाला हसू येते, कुणाला कागदावर लिहिताना अक्षर गचाळ होत गेलेले नंतरच दिसते. प्रवासी विमाने चालवणाऱ्या प्रत्येक भारतीय वैमानिकाला हा अनुभव किमान एकदा तरी मिळाला पाहिजे. त्याने लक्षणे ओळखायला शिकावे यापेक्षाही, आपल्याला लक्षणे ओळखता येत नाहीत हे त्याला कळावे म्हणून.

मास्क सगळ्या संकटांवर इलाज आहे असा दावा कुणी करू नये. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ अटलांटिकवर बॉम्बने फुटले आणि ३२९ जण गेले, तिथे कुठलाच मास्क कामाचा नव्हता. प्रवाशांच्या मास्कमागच्या यंत्रणेचीही एक जोखीम आहे. बहुतेक विमानांत तो ऑक्सिजन सोडियम क्लोरेटच्या रासायनिक क्रियेतून तयार होतो आणि डबा खूप तापतो. असे डबे निष्काळजीपणे माल म्हणून भरल्याने ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेटचे विमान फ्लोरिडात पेटून कोसळले आणि ११० जण मेले. पण हे सगळे मोजूनही वैमानिकाच्या नियमाचे पारडे जडच राहते. इशारा खोटा निघाला तर मास्क घालण्याने काही बिघडत नाही. खरा निघाला तर न घालण्याने सगळेच बिघडते.

प्रवाशाच्या बाबतीत नियम तोच, कारणही तेच. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसे आज मुंबई विमानतळावरून आखातात, लेहला, दिल्लीला जातात, आणि उड्डाणाआधी केबिन क्रू दाखवत असलेली सूचना बघायची राहून जाते. ती बघा. मास्क खाली आला की जोरात खेचा, कारण खेचल्याशिवाय ऑक्सिजन सुरू होत नाही. नाक आणि तोंड दोन्ही झाका. खालची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. शेजारी मूल असेल, म्हातारी आई असेल, तरी आधी स्वतःचा चढवा आणि मग त्यांचा, कारण बेशुद्ध झालेल्या माणसाच्या हातून त्यांचा मास्क चढणार नाही. हा ऑक्सिजन साधारण १२ मिनिटे पुरतो. आपल्या भागात तेवढ्या वेळात विमान १०,००० फुटांवर आलेले असते.